होम्सचा क्षेत्रसंन्यासी

आज आषाढ शुद्ध एकादशी, देवशयनी. संतांच्या पालख्या पंढरीस पोहोचल्या आहेत, चंद्रभागेचे वाळवंट वैष्णवांच्या मेळ्याने भरून गेले आहे, आणि पंधरा-वीस दिवस ऊन-पाऊस अंगावर घेत आलेला वारकरी कळसाकडे पाहून कृतार्थ झाला आहे. याच तिथीस चातुर्मासालाही आरंभ होतो. वारकऱ्याचे चालणे ज्या दिवशी पूर्णतेस जाते, त्याच दिवशी यतीचे थांबणे सुरू होते, ही आपल्या धर्मव्यवस्थेतील मोठी मनोज्ञ गोष्ट होय. एरवी एका गावी फार काळ न राहणारा संन्यासी या दिवसांत एकाच ठिकाणी मुक्काम करतो. आणि याही पलीकडचे एक व्रत शास्त्रकारांनी सांगितले आहे, ते क्षेत्रसंन्यासाचे. ज्या क्षेत्री राहावयाचे त्याची वेस पुन्हा ओलांडावयाची नाही. सुख येवो, साथ येवो, परचक्र येवो, देह ठेवावयाचा तो तेथेच. काशीत आणि आपल्याकडील क्षेत्रांतही असा संकल्प करून राहिलेली वृद्ध मंडळी होऊन गेली.

आजच्या या पानावर अशाच एका क्षेत्रसंन्याशाची कथा सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांचे क्षेत्र काशी नव्हे, पंढरी नव्हे. सीरिया देशातील होम्स हे ते शहर. आणि तो संन्यासी गळ्यात तुळशीची माळ घालणारा नव्हता. हॉलंड देशात जन्मलेला, येशूसंघाची दीक्षा घेतलेला तो एक कॅथॉलिक पाद्री होता. फ्रान्स व्हॅन डर लुख्त हे त्यांचे नाव. होम्सची माणसे त्यांना ‘अबूना फ्रान्स’ म्हणत. अबूना म्हणजे अरबी भाषेत ‘आमचे वडील’. आपण ज्या जिव्हाळ्याने ‘माउली’ किंवा ‘बाबा’ म्हणतो, त्याच जिव्हाळ्याचा हा शब्द.

सणाच्या पानावर पाद्र्याचे चरित्र कशाला, असा प्रश्न काही सुज्ञ वाचकांच्या मनात उभा राहील. तो अगदीच अस्थानी आहे असे आम्ही म्हणणार नाही. येशूसंघाचे नाव काढले की कोकणच्या आणि गोमंतकाच्या माणसाला सोळावे शतक आठवते. साष्टीतील देवळे पाडली गेली, मंगेशाला १५६० साली कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास न्यावे लागले, शांतादुर्गेला केळोशीहून कवळ्यास जावे लागले, आणि १५६० पासून १८१२ पर्यंत धर्मसमीक्षण-सभेचे सावट त्या प्रदेशावर राहिले. ज्यांच्या कुळांनी रातोरात देव डोक्यावर घेऊन घरदार सोडले, त्यांना ते विसरा असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. पण त्याच संघातील फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, मराठी शिकले, आणि १६१६ साली त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले; मराठीच्या गोडव्याचे त्यांनी केलेले कौतुक आपण शाळेत मुलांना अभिमानाने शिकवितो, हेही तितकेच खरे. संघ म्हणजे काही एक माणूस नव्हे. चारशे वर्षांत त्याच्या वस्त्राखाली नाना प्रकारची माणसे वावरली. त्यांतील ज्याच्यापुढे हात आपोआप जुळावेत अशा एकाची ही हकीगत आहे, आणि इतिहासावर पाणी ओतून ती सांगण्याची आम्हांस गरज वाटत नाही.

फ्रान्स यांचा जन्म १० एप्रिल १९३८ रोजी हॉलंडमधील हेग शहरी एका पेढीवाल्याच्या कुटुंबात झाला. दोन वर्षांचे होताच जर्मन सैन्य त्यांच्या देशात शिरले आणि पाच वर्षे तेथेच ठाण मांडून बसले. १९४४-४५ चा हिवाळा हॉलंडच्या इतिहासात ‘भुकेचा हिवाळा’ म्हणून ओळखला जातो. जर्मनांनी पश्चिमेकडील शहरांची धान्याची रसद तोडली, कालवे गोठले, आणि लोक ट्यूलिपच्या फुलांचे कंद उकडून खाऊ लागले. सुमारे २० हजार माणसे त्या एका हिवाळ्यात अन्नावाचून मेली. हेग शहर त्याच पट्ट्यात येते, आणि फ्रान्स तेव्हा सहा वर्षांचे होते. पुढे सत्तर वर्षांनी, दुसऱ्याच एका देशात, वेढा घालून उपाशी मारण्याचे तेच शस्त्र त्यांना पुन्हा पाहावे लागणार होते.

१९५९ साली ते येशूसंघात दाखल झाले. लेबनॉनमध्ये दोन वर्षे अरबी भाषेचा अभ्यास करून १९६६ साली ते सीरियात आले, आणि मग जवळजवळ अर्धे शतक तेथेच राहिले. मनोव्यथा जाणून त्यांवर उपचार करणाऱ्या शास्त्राचे, म्हणजे मानसोपचाराचे, त्यांनी शिक्षण घेतले होते. कीर्तनकाराच्या भाषेत सांगावयाचे तर ते मनाचे वैद्य होते.

होम्स हे सीरियातील तिसरे मोठे शहर. प्राचीन काळी त्याचे नाव एमेसा. तेथे सूर्यदेवाचे एक विख्यात देवालय होते आणि त्यात मूर्ती नव्हती, काळ्या पाषाणाची शंकूसारखी एक शिळा पूजिली जात असे, असे जुन्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेविले आहे. पिंडी आणि शाळिग्राम पूजणाऱ्या आपणांस हे वाचून ते शहर एकाएकी जवळचे वाटू लागते. शहराजवळून वाहणारी नदी लेबनॉनच्या डोंगरात उगम पावून दक्षिणेकडून उत्तरेस जाते. आसपासच्या नद्यांच्या रीतीविरुद्ध उलट वाहते म्हणून अरब लोक तिला ‘आसी’, म्हणजे बंडखोर, म्हणतात. आपण तिला उत्तरवाहिनी म्हटले असते आणि तिच्या काठी घाट बांधला असता. असो. या शहरात सुन्नी मुसलमान बहुसंख्य, त्यांच्या शेजारी अलवी, आणि जुन्या पेठेत ख्रिस्ती, अशी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली होती.

होम्सबाहेर १९८०च्या सुमारास अबूनांनी एक शेतीवाडी उभी केली. तिचे नाव ‘अल्-अर्द’, म्हणजे भूमी. तेथे द्राक्षाचे मळे होते, ऑलिव्हची झाडे होती, ध्यानधारणेसाठी जागा होती. ख्रिस्ती आणि मुसलमान तरुण तेथे एकत्र मातीत राबत. ध्यानासाठी अबूनांनी जपानातील झेन पद्धतीचा आणि आपल्याकडील योगाचाही आश्रय केला होता. आणि त्या वाडीत आसपासच्या खेड्यांतील सुमारे चाळीस मतिमंद मुलांची सोय केली होती. कोणतेही गावकूस घ्या, अशा मुलाला लोक पूर्वजन्मीचे पाप समजतात, घराच्या मागच्या खोलीत ठेवतात, पाहुणे आले की दार ओढून घेतात. आपल्याकडेही हे घडते. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या मुलांना उजेडात आणून बसविणारा माणूस देवाला कोठे शोधावे हे जाणत होता, एवढे नक्की.

दुसरे त्यांचे मोठे काम म्हणजे पदयात्रा. दरवर्षी ते तरुणांना घेऊन आठवडाभर सीरियाच्या डोंगरांतून आणि माळरानांतून पायी निघत. या यात्रेस ‘मसीर’ म्हणत. शेकडो मुले-मुली येत. कोणी ख्रिस्ती, कोणी सुन्नी, कोणी अलवी, कोणी द्रुझ. ज्यांच्या घरी परस्परांचे पाणीही शंकेने प्यायले जात असेल, त्यांनी आठ दिवस एकाच वाटेने चालावे, एकाच ठिकाणी जेवावे, उघड्या आभाळाखाली शेजारी शेजारी निजावे. पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला यातले मर्म निराळे समजावून सांगणे नलगे. पायाला फोड आला की तो कोणत्या जातीचा हे कोणी विचारीत नाही, शेजारचा तेल चोळतो. आपल्या संतांनी वारीतून जे साधले, ते व्यासपीठावरील उपदेशाने साधले नसते. या डच पाद्र्यानेही उपदेशाचा मार्ग टाकून चालण्याचा मार्ग धरिला, याचे आम्हांस विशेष वाटते. आणि या यात्रेत कोणास ख्रिस्ती करून घेण्याचा हेतू नव्हता. मुसलमान मुसलमान म्हणून येई आणि मुसलमान म्हणूनच घरी परते.

मार्च २०११ मध्ये सीरियात राजवटीविरुद्ध निदर्शने सुरू झाली. निदर्शनांचा बीमोड करताना गोळ्या चालल्या, गोळ्यांना गोळ्यांनी उत्तर मिळाले, आणि पाहता पाहता यादवी पेटली. होम्स शहर तिचे एक केंद्र झाले. बंडखोरांनी जुनी पेठ धरली, सरकारी सैन्याने तिला २०१२ च्या मध्यापासून वेढा दिला, आणि तो वेढा मे २०१४ पर्यंत, जवळजवळ दोन वर्षे, उठला नाही. वरून तोफगोळे पडत होते. आत अन्न, औषध, वीज काहीच जात नव्हते. हजारोंच्या संख्येने राहणारी ख्रिस्ती वस्ती निघून गेली. अखेर अखेर त्यांतील जेमतेम पंचवीसएक माणसे मागे उरली होती. मुसलमान कुटुंबेही अडकून पडली होती. जुन्या पेठेतील बुस्तान अल्-दिवान या भागात येशूसंघाचा मठ होता. अबूना फ्रान्स त्या मठात राहिले, आणि ज्यांची घरे पडली त्यांना, ख्रिस्ती असोत की मुसलमान, त्यांनी मठात थारा दिला.

आज एकादशी आहे, म्हणून भुकेविषयी थोडे बोलले पाहिजे. आज आपल्या घरोघर उपवास आहे. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपणच आपल्यावर केलेली आहे आणि ती खोटी नाही. पण निर्जळी एकादशी करणारा निष्ठावंत घेतला, तरी त्याच्या उपवासात आणि वेढ्यातल्या माणसाच्या उपासमारीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उपवास करणाऱ्याला उद्या द्वादशी आहे हे ठाऊक असते. पारण्याचा स्वयंपाक त्याच्या डोळ्यांपुढे असतो. होम्समधल्या माणसाला द्वादशी नव्हती. लोक झाडपाला आणि गवत उकडून खात होते. मुलांच्या तोंडी घालावयास काही मिळते का, हे शोधीत आया रस्त्यांतून फिरत, आणि त्यांना पाहण्याइतके दुःखद दुसरे काही नाही, असे अबूनांनी जगापुढे सांगितले.

मनाचे वैद्य या नात्याने त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती आम्हांस फार महत्त्वाची वाटते. दीर्घकाळच्या भुकेने आणि भीतीने माणसांची मने ढासळू लागली होती. चांगली माणसे संशयी होत होती, स्वतःवरचा ताबा गमावीत होती. महाभारताच्या शांतिपर्वात, आपद्धर्माच्या प्रकरणी, विश्वामित्राची कथा आहे. बारा वर्षे पाऊस नाही, आणि तो महर्षी रात्रीच्या अंधारात चांडाळाच्या झोपडीत शिरून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो. पुराणिक ही कथा सांगताना बहुधा घाईघाईने पुढे जातात, कारण श्रोत्यांना ती रुचत नाही. पण व्यासांनी ती मुद्दाम घातली आहे. भूक ही केवळ पोटाची गोष्ट नव्हे, ती गायत्रीमंत्राच्या द्रष्ट्यालाही अंधारात चोरपावलांनी चालावयास लावते, हे त्यांना सांगावयाचे आहे. वेढा घालणारा सेनापती हे व्यासांइतकेच जाणतो. म्हणून तर तो तोफांबरोबर धान्याची वाट अडवितो. अशा वेळी आत राहून, जे थोडेबहुत पीठ मिळेल त्याची भाकरी वाटून देणे हे अन्नदान होतेच. पण ज्याचे मन सुटत चालले आहे त्याच्यापाशी रोज जाऊन बसणे, त्याचे ऐकून घेणे, त्याला त्याच्या माणूसपणाची आठवण देत राहणे, हे त्याहून दुर्लभ दान होते. अबूना तेच करीत राहिले. पंचाहत्तरीचा तो म्हातारा ढासळलेल्या भिंतींमधून घरोघर जाई.

आपल्या कीर्तनपरंपरेत मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे आख्यान फार आवडीने ऐकले जाते. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, आणि भक्तावर आलेले संकट पाहून विठ्ठल विठू महार होऊन धान्याची किंमत भरावयास दरबारी गेला. कथा रसाळ आहे; विठू महाराच्या प्रवेशाला श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येते. पण दामाजीपंतांपाशी कोठार होते. होम्सच्या मठात कोठार नव्हते, आणि किंमत चुकती करावयास कोणी विठू महार आला नाही. तिथे आठवण होते ती भागवताच्या नवव्या स्कंधातील रंतिदेवाची. अठ्ठेचाळीस दिवस त्या राजाला आणि त्याच्या कुटुंबाला पाणीसुद्धा मिळाले नाही. एकोणपन्नासाव्या दिवशी थोडे अन्न आले, तर ब्राह्मण अतिथी आला, मग शूद्र आला, मग कुत्री घेऊन एक जण आला, अन्न संपले. उरलेले पाणी तो तोंडी लावणार तोच एक अंत्यज तहानेने व्याकुळ होऊन आला, आणि राजाने ते पाणीही त्याला दिले. त्या वेळी रंतिदेव जे मागतो ते साऱ्या भागवतात अपूर्व आहे. तो सिद्धी मागत नाही, मोक्षही मागत नाही. सर्व प्राण्यांच्या अंतर्यामी राहून त्यांचे दुःख आपण भोगावे, म्हणजे ते दुःखमुक्त होतील, एवढेच तो मागतो.

हे केवळ पुराणातले मागणे नव्हे, याचा पुरावा २०१४ साली मिळाला. जानेवारीच्या अखेरीस अबूनांची चित्रफीत जगभर गेली. आम्हांला भुकेने मरावयाचे नाही, आम्हांला जीवन प्रिय आहे, असे ते अरबीत सांगत होते, आणि अडकलेल्यांची सुटका करा म्हणून विनवीत होते. ७ फेब्रुवारीपासून संयुक्त राष्ट्रसंघ आणि तेथील तांबडी चंद्रकोर संस्था यांच्या देखरेखीखाली लोकांना बाहेर काढण्यास प्रारंभ झाला. मदत घेऊन जाणाऱ्या वाहनांवरही गोळीबार झाला. तरी काही दिवसांत सुमारे १,४०० माणसे त्या पेठेतून बाहेर पडली. अबूनांना बाहेर पडता आले असते. त्यांचा देश हॉलंड, त्यांचे वय पंचाहत्तर, त्यांना कोणी नावे ठेविली नसती. ते गेले नाहीत. येथे मी एकटाच पाद्री उरलो आहे, एकटाच परदेशी उरलो आहे, पण मला परके वाटत नाही, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे होते. या लोकांनी मला आपले सर्व दिले, आता ते दुःखात आहेत तर त्यांचे दुःख मला वाटून घ्यावयाचे आहे, असेही ते म्हणाले. समोरच्या माणसात आपणांस मुसलमान किंवा ख्रिस्ती दिसत नाही, आधी माणूस दिसतो, ही त्यांची धारणा अखेरपर्यंत राहिली.

येथे शास्त्रार्थ करणारा एक आक्षेप घेईल, आणि तो विचारार्ह आहे. देह हे धर्माचे पहिले साधन. ते रक्षावे, असे आपली शास्त्रे सांगतात. संकटातून निसटण्याची वाट असता तेथेच बसून राहणे हे धैर्य की हट्ट? आमचे उत्तर असे की, हा प्रश्न माणूस एकटा असतो तेव्हा विचारावयाचा. घरात अंथरुणाला खिळलेली आई असेल तर पुराचे पाणी शिरल्यावर मुलगा शास्त्रार्थ करीत बसत नाही. पेठेत अजूनही माणसे होती. म्हातारी होती, निघू न शकणारी होती. पुंडलिकाची गोष्ट आपण आज सकाळपासून दहा वेळा ऐकली असेल. आईबापांच्या सेवेत असता दारी साक्षात परमेश्वर आला, तरी तो उठला नाही. वीट फेकली आणि थांब म्हणाला. ज्याच्यासाठी देव थांबतो तो पुंडलिक देवासाठी थांबत नाही, यात आपल्या संप्रदायाचे सारे सार आले. दारात देव असता जो सेवा सोडून उठत नाही, तो दारात मरण असता तरी कसा उठेल? आणि स्वधर्म हा गीतेतला शब्द आपण जन्मजातीच्या कुंपणापुरता वापरतो, तो अर्थ तोकडा आहे. ज्याच्या वाट्याला जे कर्म आले आणि जे त्याने मनोभावे आपले म्हटले, ते त्याचे स्वधर्म होय. या अर्थाने अबूना फ्रान्स स्वधर्मनिष्ठ होते, आणि हे म्हणण्यास आम्हांस कसलाही संकोच वाटत नाही.

त्यांच्याच संघातील एक पूर्वोदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. पेद्रो आरुपे नावाचे स्पॅनिश पाद्री ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाच्या सीमेवरील मठात होते. अणुबाँब पडला. तरुणपणी वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडून ते पाद्री झाले होते. ते अर्धे शिक्षण त्या दिवशी कामी आले. मठाचे रुग्णालय झाले आणि दीडशेच्या आसपास भाजलेल्या जपानी माणसांची शुश्रूषा तेथे झाली. पुढे हेच आरुपे संघाचे प्रमुख झाले, आणि व्हिएतनाममधून होड्यांतून पळणाऱ्या निर्वासितांचे हाल पाहून १९८० साली त्यांनी निर्वासितांच्या सेवेसाठी स्वतंत्र संस्था स्थापिली. जगातील अनेक युद्धग्रस्त देशांत ती आजही काम करते, आणि सीरियातही तिने अन्नछत्रे चालविली. आपल्याकडे मठ पुष्कळ आहेत. अन्नछत्रेही आहेत, वारीत तर ती पावलोपावली आहेत, आणि आषाढात ती पाहून मन भरून येते. पण ती उत्सवाची अन्नछत्रे आहेत. भूकंप, महापूर किंवा दंगल झाल्यावर दुसऱ्या वर्षीही त्या गावी टिकून राहिलेला आपला मठ किती ठिकाणी सापडतो, हा प्रश्न संप्रदायातील धुरीणांनी आज द्वारकाधीशासमोर उभे राहून स्वतःला विचारावा. दिंड्यांच्या मानपानाचे आणि क्रमाचे तंटे आपण ज्या आवेशाने वर्षानुवर्षे लढवितो, त्यातील चौथाई आवेश इकडे वळला तरी पुष्कळ होईल.

सोमवार, ७ एप्रिल २०१४. सकाळी एक मनुष्य मठात शिरला. त्याचा चेहरा झाकलेला होता. त्याने अबूनांना बाहेर बागेत नेले आणि डोक्यात गोळी घातली. आणखी तीन दिवसांनी, १० एप्रिलला, त्यांना शहात्तर वर्षे पूर्ण झाली असती. ज्या बागेत ते पडले, त्याच मठाच्या आवारात, मागे उरलेल्या मूठभर माणसांनी त्यांना मूठमाती दिली. क्षेत्रसंन्यासाचा संकल्प असा अक्षरशः पूर्ण झाला. दोन दिवसांनी रोममध्ये पोप फ्रान्सिस यांनी जाहीर सभेत त्यांच्या नावाने शोक व्यक्त केला आणि सीरियातील शस्त्रे खाली ठेवावीत अशी विनवणी केली. ती कोणी ऐकली नाही. मार्च २०११ पासूनच्या दहा वर्षांत त्या देशात तीन लाखांहून अधिक नागरिक, शस्त्र हाती न घेतलेली माणसे, मारली गेली, असा संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कार्यालयाचा २०२२ सालचा हिशेब आहे. देशातील निम्म्याहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. ज्या राजवटीसाठी आणि ज्या राजवटीविरुद्ध हे सारे झाले, ती अखेर डिसेंबर २०२४ मध्ये कोसळली.

होम्सचा वेढा मात्र अबूनांच्या हत्येनंतर महिन्याभरातच उठला. मे २०१४ मध्ये तह झाला, बंडखोर जुनी पेठ सोडून निघून गेले, आणि दोन वर्षे वेशीबाहेर राहिलेली माणसे परत येऊ लागली. पेठेत भिंत भिंतीला उभी नव्हती. माणसे आपापली घरे शोधीत ढिगाऱ्यांवरून चालत होती, कोणाला दार सापडले, कोणाला भांडी, कोणाला काहीच नाही. त्यांतील कितीतरी जण घर पाहून झाल्यावर, आणि काही जण घराच्याही आधी, मठाच्या आवाराकडे वळले. तेथे अबूनांचे साधे थडगे होते. त्यांत ख्रिस्तीही होते आणि मुसलमानही होते.